न गंजणाऱ्या पोलादाची कैफियत

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांतून जे पोलाद बाहेर पडते ते बांधकामाच्या सळईचे, म्हणजे चार दिवस उघड्यावर पडले की तांबूस होऊन आपली प्रकृती आपणच जाहीर करणारे. परंतु ज्याची कैफियत येथे मांडावयाची आहे ते पोलाद निराळे, स्वयंपाकघरातील डब्यांचे, पिंपांचे आणि गच्चीवरील सोलरच्या टाकीचे, आणि त्याचा दोष असा की ते मरतानाही चकाकते.

गेल्या उन्हाळ्यात एका स्नेह्यांची अशी टाकी ठिबकू लागली. वरचा पत्रा आणि फोम काढून पाहतो तो आतली टाकी लख्ख. केवळ वेल्डिंगच्या जोडालगत पांढऱ्या क्षाराची एक रेघ, आणि ती नखाने खरवडताच खाली केसासारखी भेग. भिंगातून पाहिले तेव्हा झाडाच्या मुळ्यांसारखे तिला फाटे फुटलेले दिसले.

"अहो, गंजाचा ठिपका नाही, मग फुटली कशी?" स्नेही म्हणाले.

शेकडा अठरा क्रोमियम आणि आठ निकेल असलेल्या या धातूवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा असतो, तो ओरखडला तरी पुन्हा धरतो, आणि त्याच्याच भरवशावर सारा डौल. परंतु बोअरच्या मचूळ पाण्यातील क्लोराइड तापलेल्या पृष्ठभागावर साचून दाट झाले, साठ अंशांच्या वर उष्णता गेली, आणि पत्रा वाकवताना किंवा वेल्डिंग निवताना धातूच्या अंगात राहून गेलेला ताण त्याला आतून ओढीत राहिला, की पापुद्रा एका जागी फाटतो, भरू पाहतो, पुन्हा फाटतो, आणि भेग खोल जाते. बाहेरचे ओझे लागतच नाही. गंमत अशी की निकेलचे हे आठ टक्के प्रमाण या व्याधीला जवळजवळ सर्वांत अनुकूल. निकेल नसलेले, स्वस्त समजले जाणारे फेरिटिक स्टेनलेस तिला सहसा बळी पडत नाही.

या व्याधीचा पितळी अवतार आपल्या देशाने फार पूर्वी पाहिला. इंग्रजी फौजांची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवीत, आणि ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून उठणारा अमोनिया आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, ही त्याची मीमांसा १९२१ साली प्रसिद्ध झाली. निजामाच्या काँटिंजंट फौजेची छावणी ज्या गावाने पाहिली, त्या जालन्याला पागा म्हणजे काय हे सांगण्याची तसदी नको.

स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे मात्र हिशेब माणसांच्या जिवावर गेला. पोहण्याच्या तलावावरील काँक्रीटचे छत स्टेनलेसच्या दांड्यांनी टांगलेले होते. हवेतील क्लोराइडने दांड्या आतून तडकल्या, आणि ९ मे १९८५ रोजी छत कोसळून १२ जण दगावले. तेथे साठ अंशांची उष्णताही नव्हती.

तेव्हा अशी टाकी ठिबकली तर तिला थिगळ मारण्यासाठी वेल्डरकडे नेऊ नये. नवा जोड म्हणजे नवा ताण, आणि पुढची भेग बहुधा त्या थिगळालगतच निघते.