मेहरौलीचा सावकाश गंज

दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ गंजत नाही, असं गाइड छातीठोकपणे सांगतात. तो गंजतो. खांबावर कोरलेल्या लेखातला 'चंद्र' म्हणजे गुप्तवंशातला दुसरा चंद्रगुप्त, हे बहुतेकांचं मत धरलं, तर खांबाला सुमारे १६०० वर्षं झाली. इतक्या काळात गंजाचा थर साचला तो मिलिमीटरचाही छोटासा अंश. नवल असलंच, तर ते वेगाचं आहे.

तापमान वाढलं की रेणू जोराने आणि वारंवार आदळतात, अभिक्रिया वेग घेते, हे आपण शाळेत शिकलो. मग ४५ अंशांच्या दिल्लीत खांब भराभर खंगायला हवा होता. पण नुसत्या उन्हाने लोखंड गंजत नाही. ऑक्सिजनच्या जोडीला पाणीही लागतं. आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याला जोर येतो, आणि दिल्लीत पावसाळ्यातले महिने सोडले तर तेवढी आर्द्रता क्वचितच टिकते. एक घटकच तुटपुंजा, तिथे उष्णतेचं काय चालणार! उलट मुंबईच्या खाऱ्या हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, गंजाचा थरही पोखरतं. किनाऱ्यावरच्या घरांचे गज रंग लावूनही का सडतात, ते त्यात आलं.

हवामान हे अर्धंच उत्तर. कोळशाच्या भट्टीत चुनखडी न घालता लोखंड गाळल्यामुळे त्यात फॉस्फरस सुमारे पाव टक्का राहिला. आजचे पोलाद कारखाने तो काढून टाकतात, कारण त्याने धातू ठिसूळ होतो. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की सुरुवातीच्या गंजाखाली हाच फॉस्फरस साठत गेला आणि फॉस्फेटचा घट्ट थर तयार झाला. तो नीट जमायला आलटूनपालटून ओल आणि सुकवण लागते. म्हणजे दिल्लीचा पावसाळा खांबाचा निव्वळ वैरीही नाही.

१९६१ मध्ये खांब उकरला, तेव्हा जमिनीखालच्या भागावर गंजाची जाड खपली निघाली. लोखंड तेच, पण मातीतल्या ओलीला सुकायची उसंत नव्हती. त्या भागाला शिशाचा पत्रा गुंडाळून तो पुन्हा रोवला.

वर माणसांचा उपद्रव होता. पाठ टेकून खांबाला मागून हातांची मिठी घालता आली की नशीब फळफळतं, या समजुतीने हजारो हात घासले गेले आणि नेमका तो राखणदार थर झिजला. १९९७ मध्ये भोवती कुंपण घातलं गेलं.