झाडातला भाडेकरू

आमच्या हदगावच्या घरासमोर कडुनिंब आहे. गोवर आला की दाराला त्याचा डहाळा, खरूज झाली की त्याच्या पाल्याची आंघोळ. औषध म्हणजे झाडाची स्वतःची कमाई, असे मी धरून चाललो होतो. पुढे आपाला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, स्तनाचा कर्करोग झाला. सलाईनमधून तिला पॅक्लिटॅक्सेल दिले. ते येते कुठून हे शोधताना निराळीच गोष्ट कळली.

हे औषध मूळचे अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतले. १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्यांत मनसुख वाणी होते. जन्म आपल्या नंदुरबारचा. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिनही काढले. तेही कर्करोगावरच्या औषधांचे मूळ ठरले. पण साल सोलली की यू मरतो. १९९३ साली संशोधकांनी सांगितले, की यूच्या आत राहणाऱ्या बुरशीतही हे द्रव्य अल्प प्रमाणात मिळते.

निरोगी झाडाच्या आत बुरशी? होय. शास्त्रज्ञ पान किंवा फांदी स्पिरिटने, ब्लीचने धुतात. बाहेरचे जंतू मरतात. मग तुकडे करून बटाट्याच्या अर्काच्या जेलीवर ठेवतात. काही दिवसांत कापलेल्या कडेतून बुरशीचे धागे डोकावतात. झाड तिला आसरा आणि अन्न देते. काही बुरशींची रसायने किडीला, रोगाला दूर ठेवतात. भाडेकरूने भाडे द्यावे तसे.

आपल्या सह्याद्रीत नरक्या आहे. फुलांना दुर्गंध, पण अंगात कॅम्प्टोथेसिन. त्यापायी त्याची बेसुमार तोड झाली. २००५ साली जम्मूच्या शास्त्रज्ञांनी नरक्यातल्या बुरशीतही हेच द्रव्य मिळाल्याचे जाहीर केले. म्हणजे झाड न तोडता औषध बनवण्याची आशा.

मात्र आशेला अडसर आहे. यूच्या बुरशीबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या. कॅम्प्टोथेसिन देणारी बुरशीही झाडाबाहेर काही पिढ्या वाढवली की ते बनवणे कमी करत जाते. घर सुटले की ती आपले काम विसरते. आजही पॅक्लिटॅक्सेल मुख्यतः यूच्या पाल्यातून किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्याच्या पेशींतून बनते. म्हणून नरक्या संपला, तर त्याच्या आतले न वाचलेले दफ्तरही संपेल.

आपा आता बरी आहे. मी डहाळा तोडायला गेलो की म्हणते, ‘‘जरा बेतानं रे, आत कुणीतरी राहतंय.’’