व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला प्रीअॅम्प कोणता?

जुन्या रेडिओबरोबर अडगळीत गेलेला व्हॉल्व्ह दिवाणखान्यात परतला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. हौशी श्रोता मोठी रक्कम मोजून व्हॉल्व्हचा पॉवर अॅम्प्लिफायर घरी आणतो, त्याला हाताशी असलेला प्रीअॅम्प जोडतो आणि अपेक्षाभंग झाला की दोष व्हॉल्व्हला देतो. वास्तविक अनेकदा बिघाड कशातच नसतो. जोडीच विजोड असते.

ही जोडी जुळवताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: संरोध, म्हणजे इम्पिडन्स, आणि वर्धन, म्हणजे गेन. संरोधाचा ढोबळ नियम असा, की पॉवर अॅम्पचा आदान संरोध प्रीअॅम्पच्या प्रदान संरोधाच्या किमान दहापट असावा. व्हॉल्व्हचा पॉवर अॅम्प येथे मोठा सोशिक ठरतो. अमेरिकेत १९५९ साली बाजारात आलेल्या डायनाको एसटी-७० या प्रसिद्ध अॅम्पचा आदान संरोध ४७० किलोओहम आहे. ट्रान्झिस्टरच्या कित्येक अॅम्पमध्ये तो १० ते ५० किलोओहमच असतो. याचा परिणाम खर्जावर होतो. प्रीअॅम्पच्या शेवटी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि पुढे १० किलोओहमचा अॅम्प जोडला, तर १६० हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने घसरलेला असतो. तबल्यातला डग्गा पोकळ वाटू लागतो. तोच प्रीअॅम्प एसटी-७०ला जोडला, तर ही मर्यादा साडेतीन हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानाच्या आवाक्याबाहेर जाते.

खरी गफलत वर्धनात होते. एसटी-७०ला त्याची पूर्ण शक्ती, म्हणजे दर चॅनेलला ३५ वॅट, देण्यासाठी साधारण १.३ व्होल्टचा संकेत पुरतो. सीडी प्लेअर कमाल २ व्होल्ट देतो. म्हणजे गरजेपेक्षा जास्तच! अशा वेळी मध्ये दहापट वर्धन करणारा प्रीअॅम्प बसवला, की आवाजाची कळ जेमतेम हलवताच घर दणाणते. कळीच्या त्या सुरुवातीच्या भागात डावा-उजवा समतोल सहसा बिघडलेला असतो आणि प्रीअॅम्पची स्वतःची सरसर स्पीकरपर्यंत पोहोचते ती वेगळीच.

केवळ सीडी ऐकणाऱ्याला म्हणूनच साधी, वर्धन न करणारी आवाजाची कळ, म्हणजे पॅसिव्ह प्रीअॅम्प, पुरेशी होऊ शकते. मात्र तार आखूड हवी. ५० किलोओहमच्या कळीचा प्रदान संरोध एका स्थितीत साडेबारा किलोओहमपर्यंत चढतो. मीटरला १०० पिकोफॅरड धारकता असलेली पाच मीटर तार तिला जोडली, तर २५ किलोहर्ट्झलाच ३ डेसिबलची घट येते आणि वरच्या स्वरांची झळाळी त्याआधीच ओसरू लागते. एक मीटर तारेत हा प्रश्न उरत नाही.

ध्वनिमुद्रिकांचा हिशेब निराळा. मूव्हिंग मॅग्नेट काडतूस जेमतेम ५ मिलिव्होल्ट देते. फोनो विभागाने ते शंभरपट केले, तरी अर्धा व्होल्टच हाती येतो, १.३ व्होल्ट गाठायला पुढे अडीच-तीनपट वर्धन हवेच. येथे प्रीअॅम्पवर केलेला खर्च सत्कारणी लागतो. तो व्हॉल्व्हचाच असावा, हा आग्रह मात्र निव्वळ हौसेचा आहे. प्रदान संरोध कमी असलेला ट्रान्झिस्टरचा प्रीअॅम्प व्हॉल्व्हच्या अॅम्पशी उत्तम जमवून घेतो.

परदेशातून जुना संच आणणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. अमेरिकी यंत्रे तिथल्या सुमारे १२० व्होल्टच्या विजेवर चालणारी. आपल्या २३० व्होल्टवर ती थेट लावणे म्हणजे ट्रान्सफॉर्मरला मूठमाती देणे. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच. सुरू करताना आधी प्रीअॅम्प, मग पॉवर अॅम्प. बंद करताना उलट क्रम. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अॅम्प कधीही चालवू नये. आणि आत ४०० व्होल्टच्या घरातील दाब खेळत असल्याने, बंद केल्यानंतरही त्याचे झाकण जाणकाराखेरीज कोणी उघडू नये.