पाच दिवसांचे औषध, जन्मभराची खूण

आजही कुणा बाईला गर्भाशयाचा कर्करोग झाला की पूर्वजन्मीचे पाप काढणारे भेटतात. कारण शोधावे लागते, आणि ते कसे शोधले जाते याची ही एक हकीकत.

1938 साली लंडनचे चार्ल्स डॉड्स यांनी इस्ट्रोजेनसारखे काम करणारे कृत्रिम हार्मोन तयार केले. त्याचे नाव डीईएस. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते गरोदर स्त्रियांना सर्रास दिले गेले. त्याचा उपयोग होत नाही, हे शिकागोच्या चाचणीत 1953 मध्येच दिसले होते. त्या चाचणीतल्या स्त्रियांना आपल्याला काय दिले जाते, हेही सांगितलेले नव्हते! तरी गोळ्या चालूच राहिल्या. 1971 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी जाहीर केले की, योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुण रुग्णांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. हा संशय बोलून दाखवला होता तो एका रुग्ण मुलीच्या आईने.

पुढचा उलगडा उंदरांवर झाला. पहिले शील घेणाऱ्या आम्हाला हे लिहिताना जड जाते. पण तोच प्रयोग न विचारता माणसांच्या लेकींवर आधीच होऊन गेला होता. नॉर्थ कॅरोलायनात रीथा न्यूबोल्ड आणि जॉन मॅकलॅक्लन यांच्या गटाने उंदरांच्या मादी पिल्लांना जन्मानंतरचे पहिले पाच दिवस डीईएस टोचले, रोज फक्त 2 मायक्रोग्रॅम. अठरा महिन्यांनी सुमारे 90 टक्के माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग झाला. वयात येण्यापूर्वी ज्यांचे बीजांडकोश काढले, त्या मात्र वाचल्या. म्हणजे औषध एकटे पुरले नाही. शरीरातल्या इस्ट्रोजेनची जोड लागली. कारणे एकमेकांच्या आधाराने फळतात, हे धम्म वाचणाऱ्यांना नवे नाही.

मधल्या काळात पेशीत काय टिकून राहिले? लॅक्टोफेरिन हे जनुक गर्भाशयात इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर जागे होते. जनुकांवर मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात. त्या असल्या की जनुक बहुधा गप्प राहते. या माद्यांत लॅक्टोफेरिनजवळच्या काही खुणा पुसल्या गेल्या आणि मोठेपणीही परतल्या नाहीत. जनुकाची अक्षरे तीच, कुलूप मात्र उघडे. मोठ्या उंदरांना तेच औषध दिले तर असे होत नाही. लॅक्टोफेरिन कर्करोग घडवते असे नव्हे. ते साक्षीदार आहे.

यावरून हार्मोनच्या सगळ्याच गोळ्यांना घाबरू नये, डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पण घरात कुणी गरोदर असेल तर गोळीचे नाव आणि ती कशासाठी दिली, हे जरूर विचारावे आणि चिठ्ठी जपून ठेवावी. बोस्टनच्या त्या आयांना गोळीचे नाव वीस वर्षांनी सांगावे लागले होते.