चोंदलेले नाक आणि मिठाचे पाणी

नाक चोंदले, खाली वाकल्यावर गालफडे ठणकू लागली की आपण म्हणतो, ‘सायनस झाला’. खरे तर सायनस सर्वांनाच असतात! नाकाभोवतालच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या म्हणजे सायनस. गालाच्या हाडातल्या पोकळीचे नाकात उघडणारे तोंड मात्र तळाशी नसते, वरच्या बाजूला असते. मग आतला शेंबूड बाहेर येतो कसा? अस्तरावरचे सूक्ष्म रोम सतत हलत त्याला चढावर ढकलतात. सर्दीत अस्तर सुजते, हे अरुंद तोंड बंद होते आणि शेंबूड साचतो.

बाम हुंगल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते. पण त्यातले मेंथॉल थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवते इतकेच. हवेची वाट होती तेवढीच राहते. वाफाऱ्याने बरे वाटते, पण गरम पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजतात. लहानांना तो देऊच नये.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, म्हणजे जलनेतीचा, खरा उपयोग होतो. साचलेला शेंबूड धुऊन निघतो. पोहताना नदीचे पाणी नाकात गेले की झोंबते, ते का, हे वर्गात जरूर विचारावे. पाण्यात टाकलेली मनुका फुगते, तसेच गोडे पाणी परासरणाने अस्तराच्या पेशींत शिरते. लिटरला ९ ग्रॅम मीठ घातले की ते रक्ताशी जुळते आणि झोंबत नाही. पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम पुरे. म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा, किंचित कमीच.

पाणी मात्र थेट नळाचे नको. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघेजण नेग्लेरिया फाउलेरी या अमीबामुळे दगावले. हा अमीबा पोटात गेला तर काही बिघडत नाही. नाकात गेला तर वासाच्या चेतातंतूंच्या वाटेने मेंदू गाठतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर रुग्ण सहसा वाचत नाही. म्हणून पाणी निदान एक मिनिट खळखळ उकळावे, कोमट होऊ द्यावे आणि मगच वापरावे. भांडेही स्वच्छ हवे.

शेंबूड हिरवा झाला की प्रतिजैविके हवीत, असे आम्हीही एके काळी मानत असू. हा रंग पांढऱ्या पेशींतल्या एका हिरव्या विकराचा. तो विषाणूंच्या सर्दीतही दिसतो आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. दहा दिवसांत न हटणारी किंवा उतार पडून पुन्हा उलटलेली सर्दी डॉक्टरांना दाखवावी. डोळ्याभोवती सूज आली, दिसणे बिघडले किंवा तापात मान आखडली, तर त्याच दिवशी.