प्रवचनात न्याय बोलावा, उमेदवार सांगू नये

न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाची 2025 सालची निवडणूक आपल्याकडेही बरीच चर्चिली गेली. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव जोहरान ममदानी त्या निवडणुकीत उभे होते, हे त्याचे मुख्य कारण. परंतु याच निवडणुकीने अमेरिकेतील ज्यू समाजातला एक जुना वाद पुन्हा पेटवला. चळवळीच्या वाचकांनी तो समजून घ्यावा असे आम्हास वाटते. वाद असा की, रब्बायने म्हणजे ज्यू धर्मगुरूने सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनास्थळात, प्रवचन देताना राजकारण बोलावे की बोलू नये?

ऑक्टोबर 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू सिनेगॉगचे रब्बाय एलियट कॉसग्रोव्ह यांनी शब्बाथच्या प्रवचनात ममदानी यांचे नाव घेऊन सांगितले की, हा उमेदवार शहरातील ज्यूंच्या सुरक्षिततेला धोका आहे. इस्रायल व गाझा यांविषयीची ममदानी यांची मते हे त्यामागचे कारण होते. पाठोपाठ याच काळजीचे एक पत्रक निघाले व त्यावर देशभरातील हजाराहून अधिक रब्बायांनी सह्या केल्या. परंतु त्याच शहरातील सेंट्रल सिनेगॉगच्या रब्बाय अँजेला बुकडाल यांनी सही केली नाही. धर्मपीठावरून कोणत्याही उमेदवाराचा पुरस्कार वा धिक्कार करणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. 4 नोव्हेंबर 2025 रोजी ममदानी निवडून आले. त्यांना मत देणाऱ्यांत ज्यूही होते आणि त्यांच्यासाठी घरोघर फिरणाऱ्यांत ज्यू तरुणही होते. म्हणजे रब्बायांचा शब्द शेवटचा ठरला नाही. वाद मात्र शिल्लक राहिला.

अमेरिकेत या विषयावर कायदाही आहे. 1954 साली सिनेटर लिंडन जॉन्सन यांच्या दुरुस्तीने करसवलत घेणाऱ्या धार्मिक व धर्मादाय संस्थांना उमेदवाराचा प्रचार वा विरोध करण्यास मनाई झाली. जुलै 2025 मध्ये मात्र खुद्द अमेरिकी करखात्यानेच टेक्सासमधील एका न्यायालयात वेगळी भूमिका मांडली. उपासनेच्या वेळी आपल्याच अनुयायांशी उमेदवाराबद्दल बोलणे या मनाईत मोडत नाही, असे खात्याचे म्हणणे होते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. मनाई होती ती उमेदवाराचे नाव घेण्याला. गुलामगिरी, वंशभेद, युद्ध, मजुरी या प्रश्नांवर बोलण्याला ती कधीच नव्हती. ज्यांना हे प्रश्न अडचणीचे वाटतात ते लोक या दोन गोष्टी मुद्दाम एक करतात आणि ‘धर्मात राजकारण नको’ अशी हाकाटी करतात.

इतिहास काय सांगतो ते पाहू. 4 जानेवारी 1861. अमेरिका यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर उभी होती. त्या दिवशी न्यूयॉर्कचे रब्बाय मॉरिस राफाल यांनी प्रवचन दिले की, बायबल गुलामगिरीला पाप म्हणत नाही. अब्राहमकडे गुलाम होते, याकोबाकडे होते, मग गुलाम बाळगणाऱ्याला पापी कसे म्हणता, हा त्यांचा युक्तिवाद! दक्षिणेतील गुलामांचे मालक खूष झाले व ते प्रवचन छापून वाटले गेले. शास्त्राचा आधार देऊन माणसाला गुलाम ठेवण्याची ही तऱ्हा आपणास नवीन नाही.

याला उत्तर दिले बाल्टिमोरच्या रब्बाय डेव्हिड आइनहॉर्न यांनी. मेरीलँड हे गुलामगिरीचे राज्य. अशा ठिकाणी राहून त्यांनी आपल्या ‘सिनाय’ या जर्मन मासिकातून राफाल यांचा समाचार घेतला. जे ज्यू स्वतः इजिप्तमधील दास्यातून सुटल्याचा सण दरवर्षी साजरा करतात, त्यांच्याच धर्मगुरूने गुलामगिरीचे समर्थन करावे, याची त्यांना चीड आली. एप्रिल 1861 मध्ये बाल्टिमोरला दंगल उसळली आणि आइनहॉर्न यांना कुटुंबासह फिलाडेल्फियाला निघून जावे लागले. पुढे त्यांच्या सिनेगॉगने त्यांना परत बोलावले. पण यापुढे धर्मपीठावरून असल्या वादग्रस्त प्रश्नांवर बोलायचे नाही, ही अट घातली. आइनहॉर्न यांनी अट झुगारली. ते परत गेले नाहीत.

जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ते निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेले लोक होते. आइनहॉर्न त्याच पक्षाचे. म्हणूनच आम्ही विचारतो, राफाल यांचे प्रवचन राजकारण नव्हते काय? आणि बाल्टिमोरच्या पंचांनी घातलेली मौनाची अट, ते राजकारण नव्हते काय? मालकाच्या बाजूचे बोलले तर तो धर्म आणि गुलामाच्या बाजूचे बोलले तर ते राजकारण, असा हा हिशेब आहे.

पुढच्या शतकातही हेच घडले. रब्बाय जेकब रॉथचाइल्ड यांनी अटलांटाच्या सिनेगॉगमध्ये काळ्या लोकांच्या समान हक्कांचा प्रश्न प्रवचनातून सातत्याने मांडला. 12 ऑक्टोबर 1958 च्या पहाटे ते सिनेगॉग सुरुंगाने उडवण्यात आले. त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. रॉथचाइल्ड गप्प बसले नाहीत. 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आधी बोलले ते रब्बाय योआखिम प्रिन्झ. बर्लिनमध्ये हिटलरच्या राजवटीविरुद्ध बोलले म्हणून 1937 साली त्यांना देशाबाहेर घालवले होते. त्या अनुभवावरून त्यांनी अमेरिकेला सांगितले की, द्वेषापेक्षाही भयंकर गोष्ट म्हणजे सज्जनांचे मौन. अशा माणसाला ‘राजकारण बोलू नका’ असे कोणत्या तोंडाने सांगणार?

परंतु या नाण्याला दुसरी बाजूही आहे. ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 4 नोव्हेंबर 1995 रोजी इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या झाली. पॅलेस्टिनींशी समझोता केला, हा त्यांचा गुन्हा. मारेकरी स्वतः ज्यू आणि धर्मनिष्ठ होता. जिवावर उठून पाठलाग करणाऱ्याला ठार मारण्याची मुभा देणारे धर्मशास्त्रातील जुने वचन राबिन यांना लागू होते काय, याची चर्चा काही जहाल रब्बाय त्याआधी करीत होते. मारेकऱ्याने त्याच वचनाचा आधार सांगितला. धर्मपीठावरून माणसाकडे बोट दाखवले की ऐकणाऱ्यांतला एखादा हातात काय घेऊन उठेल, याचा भरवसा नसतो.

दुसरा आक्षेप साधा आहे, पण खरा आहे. ज्यू माणसाला आईबापांच्या मागे कद्दिश ही प्रार्थना म्हणायची असते आणि त्यासाठी परंपरेने दहा जणांचा मेळ जमावा लागतो. ती एकट्याने घरात म्हणता येत नाही. सिनेगॉगमध्ये बसलेले लोक निरनिराळ्या पक्षांचे असतात, वर्गणी सगळ्यांचीच असते. रब्बायने एका पक्षाची पताका हाती घेतली की दुसऱ्या पक्षाचा माणूस आपल्या दुःखाच्या दिवशी कोठे जाणार? शिवाय सभेत वक्त्याला उलट प्रश्न विचारता येतो, प्रवचनात श्रोता मान खाली घालून ऐकतो. राफाल यांचा प्रतिवाद करण्यासाठी मायकेल हाइलप्रिन या विद्वान गृहस्थाला ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या वृत्तपत्राकडे जावे लागले होते.

आमचे मत स्पष्ट आहे. अन्यायावर धर्मगुरूने बोललेच पाहिजे, सत्तेचे नाव घेऊन बोलले पाहिजे. मत कोणाला द्यायचे हे मात्र त्याने सांगू नये. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधःपतनाचा व हुकूमशाहीचा मार्ग आहे. धर्मपीठावरून उमेदवार सांगणे म्हणजे नेमकी हीच भक्ती मतपेटीपर्यंत नेणे होय. कॉसग्रोव्ह यांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. ज्यू समाजाने जे भोगले ते जगाला ठाऊक आहे. आपल्या लोकांना धोका कोठे दिसतो ते त्यांनी जरूर सांगावे. पुढचा निर्णय श्रोत्यांच्या बुद्धीवर सोडावा.

हा प्रश्न आपल्या बुद्धविहारातही आहे. बाबासाहेबांनी राजकारणासाठी 1942 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, शिक्षणासाठी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि धम्मासाठी 1955 साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. तीन कामे, तीन संस्था. धम्माला राजकारणाचे वावडे होते म्हणून त्यांनी असे केले नाही; धम्म कोणा पक्षाच्या दावणीला बांधला जाऊ नये म्हणून केले, असे आम्ही समजतो. आज मात्र निवडणूक लागली की प्रत्येक गटाचा उमेदवार विहारात येतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो आणि पूजेला जमलेल्यांसमोर आपली ओळख करून घेतो. विहाराची वीट मात्र सगळ्या गटांच्या माणसांच्या वर्गणीतून बसलेली असते.

म्हणून विहारांच्या समित्यांना आमचे सांगणे आहे. भन्तेजींनी जातीय अत्याचारावर बोलावे, आरक्षणावर बोलावे. 1949 च्या बोधगया मंदिर कायद्यावर बोलावे, कारण त्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापनात बौद्धेतरांना अर्धा वाटा दिला आणि त्याविरुद्ध 2025 साली भिक्खूच उपोषणाला बसले. याला कोणी राजकारण म्हणाले तर म्हणू द्यावे. उमेदवाराला मात्र बाहेरच्या मैदानात सभा घेऊ द्यावी. आणि देशना संपल्यावर उपासकांना प्रश्न विचारण्यासाठी वेळ राखून ठेवावा. गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागताच्या विहारात श्रोत्याला प्रश्न विचारण्याची सोय नसेल, तर तेथे धम्म शिकवला जातो असे आम्ही कसे म्हणावे?