शर्यतीच्या गाड्या आणि हास्यचित्रे

शर्यत म्हटली की आमच्या वडगाव निंबाळकरच्या मुलांच्या डोळ्यांपुढे प्रथम बैलजोडी उभी राहते. खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांत चढाच्या घाटात चार बैलांचा गाडा एकेकटा धावतो, त्याच्या पुढे घोडी असते, आणि निकाल घड्याळातील सेकंद ठरवितात. आपल्या बाजूस व साताऱ्याकडे हलक्या छकड्यास एक जोडी जुंपून अनेक गाड्या मैदानात शेजारी शेजारी सोडतात. दोन्ही प्रकारांत वळणे घेणे नाही. सरळ रेषेत, थोड्याशा अंतरात, जो वेगवान तो विजयी. अगदी याच जातीची मोटारींची शर्यत अमेरिकेत आहे. तिला 'ड्रॅग रेस' म्हणतात. तिच्या नादातून तेथे विनोदी चित्रांचे एक आगळे वाङ्मय निर्माण झाले. त्याची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू होय.

१९३० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण फोर्ड कंपनीच्या जुन्या मोटारी स्वस्तात विकत घेत. चाकांवरील पत्रे व इतर अनावश्यक वजन ते काढून टाकीत, इंजिन खोलून त्याची शक्ती वाढवीत, आणि कोरड्या पडलेल्या तलावांच्या विस्तीर्ण तळावर आपली गाडी किती पळते हे अजमावीत. अशा स्वहस्ते सुधारलेल्या गाडीस 'हॉट रॉड' हे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांमुळे हा नाद फार वाढला. परंतु त्यांतील पुष्कळ जण रहदारीच्या रस्त्यांवरच शर्यती लावू लागले. अपघात होऊ लागले, आणि 'हॉट रॉड'वाला म्हणजे उनाड मुलगा, असा समाजाचा ग्रह झाला.

अशा वेळी, १९४८ च्या जानेवारीत, रॉबर्ट पीटर्सन यांनी 'हॉट रॉड' याच नावाचे मासिक काढले. त्यात टॉम मेडली या चित्रकाराने 'स्ट्रोकर मॅगर्क' नावाचे एक पात्र रंगविले. हा मॅगर्क मोठा हिकमती. गाडी अधिक पळावी म्हणून तो काहीतरी अचाट युक्ती योजतो, आणि बहुधा स्वतःच फजीत पावतो. भरधाव गाडी थांबविण्यासाठी तिच्या मागे हवाई छत्री उघडावी, ही कल्पना आधी मॅगर्कच्या चित्रात थट्टेने आली व मागाहून शर्यतीच्या मैदानात खरी झाली, असे त्या क्षेत्रातील जुनी मंडळी सांगतात. पुढे १९५९ साली पीट मिलर व कार्ल कोहलर यांनी 'कार्टून्स' हे नियतकालिक सुरू केले. त्या नावातील 'कार' ही अक्षरे मोठी छापून केलेली कोटी वाचकांच्या चटकन ध्यानात येईल. ते १९९१ पर्यंत चालले. मिलर यांनी १९६३ साली 'ड्रॅग कार्टून्स' हे स्वतंत्र नियतकालिकही काढले. हे गृहस्थ स्वतः शर्यतीत गाडी हाकणारे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या चित्रांत हसण्याजोगे काय असते? गाडीपेक्षा इंजिन मोठे; मागची चाके जात्याच्या पाळीसारखी अवजड, पुढची चाके हवेत; धुराचा लोट; आणि चालकाचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले. ही सर्व अतिशयोक्ती खरी, परंतु तिचे मूळ यंत्रशास्त्रात आहे. गाडीस एकाएकी जोर मिळाला म्हणजे तिचा भार मागे जातो, म्हणून पुढची चाके खरोखरच उचलली जातात. जमिनीस घट्ट धरावे म्हणून मागची चाके रुंद ठेवतात. आणि ती तापून अधिक चिकटावीत म्हणून शर्यतीपूर्वी जागच्या जागी गरगर फिरवितात, त्याचा तो धूर. जाणत्यास या चित्राने हसू येते, अजाण्यास त्यातून ज्ञान मिळते. आमच्या महाराष्ट्रात शि. द. फडणीस यांनी शब्दांवाचून हसविणारी चित्रे काढली आणि शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही आपल्या कुंचल्याने गंमत आणली. हास्य आणि शिक्षण यांचे वैर नाही, हे त्यांनी सिद्ध केले आहे.

दुसरा विशेष त्याहून महत्त्वाचा. ही चित्रे बाहेरच्या कोणी टवाळीसाठी काढलेली नव्हती. त्या नादात बुडालेल्यांनीच आपल्या बढाईस हसून घेतले होते. आमच्याकडे बैलगाड्यांच्या मैदानात हे काम चित्रापेक्षा ध्वनिक्षेपकावरील निवेदकाची जीभ करते. फुशारकी मारणाऱ्याची गाडी मागे पडली की त्याच्या वाट्यास असा टोला येतो की सारे मैदान हसते आणि तोही हसतो. जो स्वतःस हसू शकतो त्याची धुंदी उतरते, आणि मग त्यास नियमाची भाषा समजते.

नियमांवाचून मात्र नुसते हसणे पुरे पडत नाही. 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनीच १९५१ साली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापिली. रस्त्यावरील शर्यत आखलेल्या मैदानात न्यावी, हा तिचा उद्देश. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, ठरले. २००८ साली एका चालकाचा मृत्यू झाल्यावर सर्वांत वेगवान गाड्यांसाठी ते १००० फुटांवर आणले. आमच्या बैलगाडा शर्यतीसही हीच शिस्त लागली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तिला मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह अनुमती दिली, आणि मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा यासंबंधीचा कायदा वैध ठरविला. मुक्या जनावरास क्लेश होऊ नयेत, हा त्या अटींचा गाभा आहे.

आता आपल्या दाराशी पाहू. गळिताच्या हंगामात नीरा-बारामती रस्त्याने उसाच्या बैलगाड्या व दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात; रात्री कित्येकांस मागे दिवाही नसतो. त्याच रस्त्यावर काही तरुण फटफटीचा आवाज मुद्दाम वाढवून पैजा लावतात. जुन्या करारातील येहू इतका बेफाम रथ हाकी की बुरुजावरील पहारेकऱ्याने त्यास दुरून केवळ त्या हाकण्यावरून ओळखले. आपल्या मुलाची ओळख गावाने अशा रीतीने करून घ्यावी, असे कोणत्या मातापित्यांस वाटेल? पालकांनी केवळ रागावून भागणार नाही. मुलास यंत्राचा नाद असेल तर त्यास पाना हाती द्यावा, इंजिन खोलून जोडावयास शिकवावे.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्ही पेन्सिल हाती घ्या. गावातील वेगवीरांचे चित्र काढा, मात्र त्यात प्रथम स्वतःस बसवा. अशी चित्रे आमच्या वार्षिकाच्या पुढील अंकासाठी आल्यास आम्ही त्यांस आनंदाने जागा देऊ.